दादाच्या दातांची तालीम

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांमधली मराठी मंडळी गणपतीत नाटक बसवायची तेव्हा पहिला प्रश्न नायक कोण हा नसायचा. प्रॉम्प्टर कोण, हा असायचा. नायक काय, कुणीही होई. एक काका आवाज भारदस्त म्हणून नायक झाले, दुसरे एक काका कोट स्वतःचा आहे म्हणून. पाठांतर मात्र कुणाचंच नसे. दिवसभर फायलींवर शेरे मारून संध्याकाळी तालमीला येणारी माणसं ती. पहिला अंक त्यांना येत असे, दुसरा थोडाफार आठवत असे आणि तिसरा सर्वस्वी विंगेतल्या माणसाच्या हाती असे. विंगेतला तो माणूस म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचा दादा.

दादा नट ओळ विसरल्यावर ओळ देत नसे. विसरण्याच्या आधी देत असे. माणूस विसरणार हे त्याला म्हणे मानेवरून कळायचं. कोटवाले काका एकदा नायिकेसमोर गुडघा टेकून अडकले. ओळ होती, 'मी तुला कधीच विसरलो नाही.' दादाने ती हळू दिली, मोठ्याने दिली, शेवटी पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल अशी दिली. काका ढिम्म. तेव्हा प्रेक्षकांतून त्यांची खरी बायको ओरडली, "अहो, विसरलो नाही म्हणा ना एकदाचं!" त्या वर्षीचं बक्षीस त्या काकूंना द्यावं असा ठराव मी मांडला होता. तो फेटाळला गेला.

पुढे विंगेत कुणी नसतानाही दादाला संवाद ऐकू येऊ लागले. हे वाक्य मी मित्रमंडळींत बरेचदा टाकलेलं आहे. त्याला आधी थोडं हसू मिळतं आणि मग शांतता. घरात तेव्हा नुसतीच शांतता होती. दादा पंचविशीत होता, चांगली नोकरी लागली होती, आणि एके दिवशी ऑफिसातले लोक आपले विचार मोठ्याने वाचून दाखवतात म्हणून तो घरी आला तो परत गेलाच नाही. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं. आईने तो शब्द पुढची अनेक वर्षं 'ते' असा उच्चारला. 'त्याचं ते वाढलंय.' 'सध्या ते बरंय.'

आता आई-बाबा नाहीत. दादा साठीच्या उंबरठ्यावर आहे आणि आमच्याकडे, दिल्लीलगतच्या गाझियाबादला असतो. आमच्याकडे म्हणजे मी, माझी बायको आणि पुस्तकांचं एक कपाट. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. बायको केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी आहे, म्हणून दादा तिला 'मॅडम' म्हणतो. ती त्याला 'दादा' म्हणते. मंडळाच्या नाटकांत मीही कामं केली, म्हणून मला तो 'नटवर्य' म्हणतो, आणि त्यात कौतुक नसतं.

आता त्याच्या तोंडाबद्दल. गोळ्यांनी आवाज बरेच कमी झाले, पण तोंडाचं वाळवंट झालं. लाळ सुटेचना. जीभ टाळूला चिकटायची, बोलताना कागद फाटल्यासारखा आवाज यायचा. त्यावर दादाने शोधलेला उपाय म्हणजे संत्र्याच्या गोळ्या आणि गोड चहा. गोळी गालात ठेवायची, विरघळली की दुसरी. बऱ्या दिवसांत तो दात घासायचा. वाईट दिवसांत पलंगावरून बेसिनपर्यंत जाणं हीच मोहीम असे. तिथवर पोचल्यावर ब्रश उचलायला अंगात काही उरत नसे. डॉक्टर दर खेपेला झोप विचारत, आवाज विचारत, भूक विचारत, वजन करत. तोंड उघडा असं इतक्या वर्षांत त्याला कुणी म्हटलं नाही. मानसोपचारवाल्यांना दातांशी घेणंदेणं नव्हतं आणि दातवाल्यांकडे आम्ही जात नव्हतो.

मग एका उन्हाळ्यात दादा जेवता जेवता म्हणाला, "माझ्या जबड्यात काम चालू आहे."

"कसलं काम?" मी विचारलं.

"मेट्रोचं. खांब रोवतायत. दिवसरात्र."

आमच्या सोसायटीबाहेर तेव्हा खरोखरच रस्ता खणून खांब रोवणं चालू होतं, त्यामुळे रूपक कुठून आलं ते मला लगेच कळलं आणि आपण किती हुशार, असंही वाटलं. अशा वेळी काय करायचं हे आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. वाद घालायचा नाही, दुजोराही द्यायचा नाही. प्रेमाने विषय बदलायचा. या कामात आम्ही इतके तरबेज झालो आहोत की विषय बदलण्याची राष्ट्रीय स्पर्धा असती तर गाझियाबादला पदक आलं असतं. बायको म्हणाली, "दादा, चहा टाकू?" दादा हो म्हणाला. चहात दोन चमचे साखर पडली. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना जबड्यातल्या खांबांचं सांगितलं. त्यांनी तो नवा भास समजून गोळी वाढवली. गोळी वाढल्यावर तोंड आणखी कोरडं पडलं. कोरडं पडलं म्हणून संत्र्याच्या गोळ्या वाढल्या. आणि जबड्यातलं काम जोरात सुरू राहिलं.

हे चक्र मोडलं माझ्या बायकोने, तेही चकलीमुळे. पुण्याहून आलेली चकली दादा चहात बुडवून, पार लगदा करून खाताना तिला दिसला. चकली मोडताना जो आवाज होतो त्यासाठीच ती खायची असं मानणारा हा माणूस. ती त्याच्या शेजारी बसली आणि थेट म्हणाली, "दादा, दात दुखतोय का?"

"मी उन्हाळ्यापासून काय सांगतोय?" दादा म्हणाला.

तोवर दिवाळी झाली होती.

दोन दिवसांत उजवा गाल पुरीसारखा फुगला. तेव्हा दुखणंच एवढं होतं की तो मुकाट्याने आमच्या गल्लीतल्या दंतवैद्याकडे आला. सत्तरीचे, अनुभवी, घाईतले गृहस्थ. त्यांनी एक्स-रे काढला, सुजेसाठी गोळ्या लिहून दिल्या, आणि मग खुर्चीत पडलेल्या दादाच्या डोक्यावरून माझ्याशी बोलू लागले.

"इनको दिमाग़ की बीमारी है ना? देखिए, ऐसे पेशंट ब्रश तो करेंगे नहीं. एक-एक दाँत बचाने का कोई फ़ायदा नहीं. बेहोश करके सब एक बार में निकाल देते हैं. फिर बत्तीसी लगा देंगे. छुट्टी."

"सब?" मी विचारलं.

"त्यांना सांग," दादा मला मराठीत म्हणाला, "मी इथेच बसलोय."

मी सांगितलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "हाँ हाँ, अंकल, टेंशन मत लो." अंकल त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान होते.

खोटं कशाला बोलू, मला तो सल्ला पटत चालला होता. एकदाच भूल, एकदाच त्रास, पुन्हा सूज नाही, पुन्हा खांब नाहीत. पू वर चढला तर जिवावर बेतू शकतं असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी येऊन मी दादाला हे सगळं नीट समजावून सांगू लागलो. तो संत्र्याची गोळी चघळत ऐकत होता. मग म्हणाला, "बाबांची कवळी पेल्यात हसायची. आठवतं?"

"आठवतं."

"ते सोड. खरं कारण ते नाही."

खरं कारण त्याने सांगितलं ते असं. बाबा गेले त्या वर्षी आईला एकटीला झेपेना म्हणून दादाला काही महिने दिल्लीच्या सीमेलगतच्या एका खासगी केंद्रात ठेवलं होतं. हायवेवरून आत जाणारी गल्ली, टोकाला निळं फाटक. दादा त्या महिन्यांबद्दल कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"तिथे जुनी माणसं होती. खूप जुनी. त्यांच्या तोंडात काही नव्हतं. तोंडं आत गेलेली. सगळी एकमेकांसारखी दिसायची, नाव कुणाचं कुठलं कळायचं नाही. त्यांना भात कालवून द्यायचे, त्यातच डाळ, त्यातच भाजी, त्यातच सगळं. ज्यांना दात होते त्यांना न्यायला कधीतरी कुणीतरी यायचं. ज्यांना नव्हते त्यांना कुणीच न्यायला आलं नाही. मी बघत होतो ना."

"दादा, ते उलटं असेल," मी म्हणालो. "फार वर्षं राहिले, म्हणून दात गेले."

"पडले की पाडले?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"माहीत नाही ना? मग सब निकाल देते हैं कशाला म्हणतोस?"

"मी नाही, ते डॉक्टर म्हणाले."

"तू मान हलवलीस," दादा म्हणाला. "मला माना कळतात."

त्या रविवारी आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि बायकोने, स्वयंपाकघरात बसून ठरवलं की सगळे दात काढायचे नाहीत. वाचतील तेवढे वाचवायचे. आर. के. पुरमच्या जुन्या शेजाऱ्यांकडून सरोजिनी नगरजवळच्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता मिळाला. कपड्यांच्या बाजाराच्या मागे, पहिल्या मजल्यावर दवाखाना. त्या फोनवर म्हणाल्या, "ले आइए, देखते हैं, जल्दी नहीं करेंगे." आता प्रश्न एवढाच होता की दादा कुठल्याही दंतवैद्याचं नाव काढू देत नव्हता. सूज उतरली होती, पण मुळातली घाण तशीच होती. ती पुन्हा उसळणार हे सांगायला डॉक्टर नको होता.

इथे आम्ही जे केलं ते फक्त नाटकवाली माणसंच करू जाणोत. आम्ही एक प्रवेश बसवला.

कथानक सोपं होतं. दात बायकोचा दुखणार. सोबत म्हणून दादाने यायचं, कारण मला ऐनवेळी मीटिंग निघणार. दवाखान्यात डॉक्टरीणबाई सहज म्हणणार, अंकल, आप भी दिखा दीजिए. बायको आमच्या मंडळाच्या नाटकांत कामं करायची. किंबहुना आमचं जमलंच तालमीत. तेव्हा तिला अभिनय येतो हा माझा समज. तिने गालाला मफलर बांधला, कण्हली, सकाळचा चहा नाकारला. मी मीटिंगला जातो म्हणून निघालो आणि त्याच मेट्रोच्या पुढच्या डब्यात बसलो. काय प्रवेश होता! माझ्या मते सगळं बेमालूम चाललं होतं.

पुढचं बायकोने सांगितलेलं. सरोजिनी नगरच्या स्टेशनवर सरकत्या जिन्यावर दादा तिच्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, घरी डावीकडे दुखत होतं."

तिचा हात उजव्या गालावर होता.

"आणि तो नटवर्य पुढच्या डब्यात होता," दादा म्हणाला. "उतरताना पाहिला मी. टोपी घालून आलाय."

मी खरंच टोपी घातली होती.

दादा ओरडला नाही. तो वळला, उलट्या दिशेची गाडी पकडून एकटा घरी आला आणि खोलीत जाऊन कडी लावली. आम्ही मागोमाग पोचलो. दारावर थाप मारली, हाका मारल्या.  जेवण दारात ठेवलं तर रिकामं ताट बाहेर येई, पण गोळ्या तशाच परत. ताटाच्या कडेला, शिस्तीत मांडून ठेवलेल्या. गोळ्या बंद झाल्या की काय होतं हे आम्ही पूर्वी पाहिलेलं आहे. एका बाजूला जबडा, दुसऱ्या बाजूला डोकं, आणि दोन्हीच्या मधे आतून लावलेली कडी. बायको म्हणाली, "त्या केंद्रात नेलं तेव्हासुद्धा त्यांना लग्नाला जायचंय असं सांगून नेलं होतं ना?" मला ते आठवत होतं. नवा शर्ट घालून गेला होता तो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी मी दाराबाहेर जमिनीवर बसलो होतो. 

आतून आवाज आला. "संहिता कुठे आहे?"

"कसली?"

"त्या बाई तोंडात काय काय घालणार, कशाच्या नंतर काय. कोण काय बोलणार. मध्यंतर कुठे. ते कुणी लिहिलंय का? का नुसतंच मला ढकलायचं स्टेजवर?"

"नाही लिहिलेलं."

"मग कुणाच्या भरवशावर येऊ मी?"

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "अच्छा, ये तो अच्छी बात है. लिखिए." त्यांनी पहिल्या भेटीत काय होईल ते टप्प्याटप्प्याने सांगितलं, मी लिहून घेतलं आणि कागद दाराखालून आत सरकवला. रात्रीच्या जेवणाच्या वेळी दादा तो कागद घेऊन बाहेर आला. माझ्या लिखाणावर लाल पेनाने काटाकाटी झाली होती.

"तुझे संवाद फार आहेत," दादा म्हणाला.

"मी फक्त धीर देणार होतो."

"नको. तू या अंकात नाहीस. बाहेर बस."

आणि त्याने गोळ्या घेतल्या. बायको ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि उगाचच नळ सोडून ठेवला.

पुढच्या दोन-तीन महिन्यांतला सरोजिनी नगरचा तो दवाखाना म्हणजे माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड आणि सर्वांत करमणुकीची जागा. मी बाहेर बाकावर, दार अर्धं उघडं. आत दादा खुर्चीत आडवा, हातात संहिता, डोळ्यांवर चष्मा. डॉक्टरीणबाई तिशीच्या, करनालच्या, आवाज खणखणीत. आधी त्यांना ओळ म्हणायची, मग कृती करायची, असा नियम. "अब मैं शीशा डालूँगी." मग आरसा आत. "अब ठंडी हवा आएगी." मग हवा. दादाने हात वर केला की सगळं थांबायचं. तोंड उघडं असल्याने त्याला बोलता येत नसे, पण एकदा त्यांनी पाणी ओढणारी नळी न सांगता आत घातली तेव्हा दादाचा हात वर गेला आणि बोट कागदावर टेकलं. ओळ गाळली होती.

"सॉरी, सर," बाई म्हणाल्या. "फिर से लेती हूँ. अब मैं पाइप डालूँगी."

त्याला सर म्हणणारी पांढऱ्या कोटातली ती पहिलीच व्यक्ती. घरी येताना मेट्रोत दादा म्हणाला, "पाठांतर कच्चं आहे, पण शिकेल."

काही दात भरले गेले. एका दाढेचं मूळ साफ करून टिकवलं. मागचे दोन काढावेच लागले, पण ते सांगून, ठरवून, त्याच्या हो म्हणण्यावर. बाईंनी संत्र्याच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि तोंड ओलं ठेवायला बिनसाखरेच्या गोळ्या दिल्या. दादाने त्या चाखून 'सरकारी' असा शेरा मारला, पण चघळल्या. मानसोपचाराच्या डॉक्टरांना मी एक्स-रे दाखवला. त्यांनी तो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला आणि वाढवलेली गोळी पुन्हा कमी केली. मग झोप कशी आहे ते विचारलं. मीही विषय बदलला.

सगळं असंच छान संपवता आलं असतं. पण जबड्याला संहिता वाचता येत नाही.

जी दाढ एवढे सायास करून टिकवली होती, तीच जानेवारीत पुन्हा सुजली. या वेळी दादाने खांबबिंब म्हटलं नाही. सकाळी उठून गाल दाखवला. बाईंनी एक्स-रे काढला आणि स्टूल ओढून त्याच्या समोर बसल्या. दार अर्धं उघडं होतं, मला दिसत होतं.

"सर, ये वाला मुझसे नहीं बचा. दोबारा कोशिश कर सकती हूँ, पर सच बोलूँ तो उम्मीद कम है. इन्फ़ेक्शन फैल रहा है. निकालना ठीक रहेगा. आप बताइए."

सवयीने त्यांची नजर एकदा माझ्याकडे आली. मी मानही हलवली नाही. मान अगदी लाकडासारखी धरून बसलो.

दादाने विचारलं, "निकालने में क्या-क्या होगा?"

"इंजेक्शन. फिर थोड़ा इंतज़ार. फिर खींचना. पर सूजन में सुन्न ठीक से होगा कि नहीं, पता नहीं. दाँत टूट भी सकता है. इस बार मैं पूरा लिखकर नहीं दे सकती."

दादा छताकडे बघत राहिला. बाहेर बाजारात कुणीतरी दो सौ में दो, दो सौ में दो असं ओरडत होतं. शेवटी तो म्हणाला, "निकालो." मग मराठीत, मला ऐकू जाईल इतपत, "दार लावून घे."

मी दार लावलं. त्यानंतर आतून जे ऐकू आलं ते मी रंगवून सांगणार नाही. दाढ तुटलीच. भूल नीट चढली नव्हतीच. पण आतून कुणी पळालं नाही, आणि त्याला धरून ठेवायला कुणाला बोलावलं गेलं नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा दादा खुर्चीत सरळ बसला होता, तोंडात कापसाचा बोळा, शर्टाची पुढची बाजू घामाने भिजलेली. 

परतताना मेट्रोतल्या गर्दीत त्याचा जीव घाबरला. बोळ्यातून रक्त पाझरत होतं, लोक बघत होते. आम्ही मधेच उतरलो आणि ऑटो केली. ऑटोवाला म्हणाला, "बॉर्डर तक छोड़ूँगा. आगे यूपी में नहीं जाता." दिल्लीच्या ऑटोवाल्यांचं हे नेहमीचंच, म्हणून मी हो म्हटलं. बॉर्डरवर त्याने आम्हाला उतरवलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण कुठे उभे आहोत. हायवेच्या कडेला पाच-सहा दुकानं, आणि त्यांच्या मधून आत जाणारी ती गल्ली. टोकाला फाटक. आता हिरवं रंगवलेलं.

दादाने माझी बाही धरली.

त्याला बोलता येत नव्हतं. मला बोलता येत होतं, आणि मी भरमसाट बोललो. अरे, ऑटोवाला हरामखोर, इथेच सोडायचं सुचलं त्याला, चल, पलीकडे दुसरी मिळेल, दोन मिनिटांत घरी, मॅडम वाट बघतायत, अरे हे मी मुद्दाम नाही केलं, आईशप्पथ, दादा, मला ठाऊकच नव्हतं. माझा आवाज मलाच बनावट वाटू लागला. खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा लागत नाही. एवढी वर्षं स्टेजवर काढून, ऐन वेळी मला साधं खरं वाक्य खऱ्यासारखं म्हणता येईना.

दादाचे डोळे गल्लीकडे होते. दाढ काढलेली, तोंड सुजलेलं, आणि धाकट्या भावाने त्याला आणून नेमकं इथे उभं केलेलं. त्याच्या हिशेबाने पुढे काय होणार हे लिहिल्यासारखं स्पष्ट होतं. ट्रक जात होते. बाहीवरची पकड एवढी घट्ट की शिलाई उसवली.

मी बोलायचा थांबलो.  मी नुसता गल्लीकडे पाठ करून, गाझियाबादच्या दिशेला तोंड करून उभा राहिलो. ओढलं नाही, चल म्हटलं नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग बाही धरूनच तो चालू लागला. माझ्या पुढे, जवळजवळ मला ओढत. पलीकडे ई-रिक्षा उभ्या होत्या. तो आत बसला आणि सबंध रस्ता बाहेर बघत राहिला, प्रत्येक वळण तपासत.

घरी बायकोने गार दूध आणि मऊ भात केला होता. भात पाहून दादा जागीच थांबला. तिच्या लक्षात आलं. तिने भात, वरण, भोपळ्याची भाजी अशा तीन वेगळ्या वाट्या मांडल्या आणि बाजूला सरकली. तो जेवला नाही. बेसिनपाशी गेला, बोळा काढला, ओठ वर करून आरशात बघत राहिला. समोरचे दात होते. बाजूचे काही होते.

"मॅडम," तो जड जिभेने म्हणाला, "आता पुढचा कोणता जाणार?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. बायकोने मला नजरेने गप्प केलं.

"ते मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली. "जाईल एखादा. गोळ्या आहेत, वय आहे. पण तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी काढणार नाही."

"आणि मला?"

"काय तुम्हाला?"

"मला विचारल्याशिवाय कुठे नेणार नाही?"

"नाही."

"कधीच?"

ती पन्नाशी ओलांडलेली, मी तिच्याहून मोठा, तो माझ्याहून मोठा. मुलगी बंगळुरूला. आमच्यातलं कोण किती दिवस त्याच्यासोबत या बेसिनपाशी उभं राहू शकेल हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"कधीच नाही," ती म्हणाली.

दादा तिच्या मानेकडे बघत राहिला. मग येऊन जेवायला बसला आणि भाताची वाटी स्वतःकडे ओढली.